रेवाचे पैंजण

कंपू भागातल्या एका हॉस्पिटलात गरिमाच्या नडगीतलं सडलेलं हाड दुसऱ्यांदा खरवडून काढलं, तरी तिची पट्टी रोज पुवाने पिवळी व्हायची. शेजारच्या खाटेवरच्या रेवाचंही तेच दुखणं, ऑपरेशन तर गरिमाच्याही नंतरचं. आणि ती पोरगी पैंजण वाजवत वॉर्डभर हिंडायची. ती छुमछुम ऐकली की गरिमाच्या आईच्या, शालिनीताईंच्या, तळपायाची आग मस्तकात जायची.

रेवाला उद्या घरी सोडणार म्हणून संध्याकाळी तिची आई विनिता त्यांच्याकडे आली. "ताई, तुम्ही मोठ्या आहात. रेवाची नजर उतरवून द्या ना."

शालिनीताईंनी मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन रेवावरून ओवाळल्या. ती मूठ विस्तवावर टाकायची असते. पोरीच्या अंगावरून नजरेबरोबर तिचं बरेपणही उतरलं असेल, तर ते आपल्या लेकीला लागू दे, असं मनात आलं आणि त्यांनी ती गुपचूप गरिमाच्या गादीखाली सोडली.

सकाळी गरिमाची पट्टी कोरडी निघाली. रेवा तापाने फणफणली होती. तिचा पाय इतका सुजला की विनिताने पैंजण काढून उशाशी ठेवले.

दुपारी गरिमाचा एक्स-रे काढला. एक्स-रेवाले भैया वैतागून बाहेर आले. "दीदी, पायल उतारने को बोला था ना. फोटो में आ गई."

शालिनीताईंनी चादर बाजूला केली. गरिमाच्या पायात काहीच नव्हतं.

"आई," गरिमा हळूच म्हणाली, "रेवाला सांग ना, माझ्या पायात नाचू नको म्हणून."