वीस पावलं

राजगडाच्या उतारावर एकाएकी धुकं दाटलं. एका बाजूला कडा, आणि सावळारामबाबांना हातातली काठीसुद्धा दिसेना. त्यांचा कुत्रा भुंग्या वीस पावलं सरळ पळाला, तसाच माघारी आला आणि वाट नव्हती तिथं झाडीत शिरला.

“चल पोरी, त्येच्या मागं,” बाबा सोबतच्या प्रेरणाला म्हणाले.

अर्ध्या तासात दोघं बाबांच्या अंगणात होती. कुत्र्यांचा अभ्यास करायला आलेल्या प्रेरणानं भुंग्याच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याची नोंद मोबाईलवर उघडली. वीस पावलांची ती रेघ होकायंत्राच्या सुईसारखी अगदी उत्तर-दक्षिण होती, जणू त्याला पृथ्वीचं चुंबकत्व जाणवत होतं.

“बाबा, तिथं काय करत होता हा?”

“वाट इचारत व्हता.”

“कुणाला?”

बाबांनी वाकून जमिनीला हात लावला.

“हिला. ती सांगती समद्यांनाच. इचारतो ह्यो येकटा.”