आयता साचा

"डावीकडे समास किती?" कृष्णकांतांनी विचारलं.

"दीड इंच, काका. बाइंडिंगच्या बाजूनं तेवढा लागतेच. विद्यापीठाचा नियम हाये," साहिल म्हणाला.

"आणि उजवीकडे?"

"एक. मले काहीच नाही करा लागत, साचाच बरोबर ठेवते."

कृष्णकांत हसले. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले त्याला तीन वर्षं झाली होती. धंतोलीतल्या डॉक्टरांनी आशा सोडा म्हणून सांगितलं होतं. पण माणसाची मोजायची खोड काही जात नाही. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं त्यांनी मोजमापंच केली होती. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारांच्या काळातले तलाव, ज्यांना तिकडे मामा तलाव म्हणतात, ते त्यांनी रजा टाकून टाकून पायी पालथे घातले. कोणत्या तलावाची पाळ कधी फुटली, पाणी कोणत्या वावराला आधी मिळायचं आणि कोणाला मागून, सगळं वह्यांत उतरवलं. अशा बेचाळीस वह्या. त्यांचा प्रबंध व्हावा आणि आपल्या नावाआधी 'डॉ.' लागावं, एवढी एकच हाव या साध्या माणसाला उरली होती.

डोळे गेल्यावर साहिल भेटला. काटोलकडचा मुलगा, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. रोज संध्याकाळी धरमपेठेतल्या त्यांच्या घरी येऊन लॅपटॉप उघडायचा. काका वहीचा क्रमांक सांगत, तो वाचून टाइप करी. अडलेलं अक्षर चारुलताकाकू लावून देत. नवऱ्याचं गिचमिड त्यांच्याइतकं कोणालाच लागत नसे. विद्यापीठाच्या फेऱ्या, फॉर्म, गाइडच्या भेटी हे सगळं साहिलनंच केलं. काकांनी फक्त तो बोट ठेवील तिथं सह्या केल्या.

प्रबंधासाठी त्यानं नेटवरून तयार साचा उतरवला होता.

"यात काय काय आयतं मिळतं गा?" काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"सगळंच, काका. अनुक्रमणिका आपोआप बनते. संदर्भसूची लागते. प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र तयारच राह्यते. नाव तं एकाच जागी टाकाचं, मंग मुखपृष्ठापासून सगळीकडे उमटते."

"म्हणजे आयत्या बिळावर नागोबा!" काका खदखदून हसले. साहिलही हसला. काकू मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"चहा ठेवू का रे, साहिल?" एवढंच त्यांनी विचारलं.

काकूंच्या जिवाला वेगळाच घोर होता. एकुलती एक लेक वेदिका बत्तीस वर्षांची झाली होती. स्थळं येत, काकू एकच प्रश्न विचारत, मुलाची नोकरी कायम आहे का? दिवाळीनंतर ओळखीतलं एक चांगलं स्थळ त्यांनी ह्याच कारणानं परतवलं. काका चिडले.

"माणूस बघ ना, चारू. ऑर्डरचा कागद काय बघतेस?"

"तुम्हाला तुमचे तलाव पुरतात. मला तिचा संसार बघायचाय. कच्च्या नोकरीवाल्याला मुलगी देणार नाही म्हणजे नाही."

काकांनी वाद तिथंच सोडला. घरातल्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर बायकोवरच सोडल्या होत्या.

एका रविवारी सकाळी साहिल बर्डीवरच्या बाइंडरकडून बांधलेली प्रत घेऊन आला. चारशे बारा पानं, मरून कापड, वर सोनेरी ठसठशीत अक्षरं. काका आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून केव्हाचे बसले होते. त्यांनी प्रत मांडीवर घेतली, वजन पाहिलं, वास घेतला, अंगठ्यानं कडा चाचपल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यांनी लपवलंही नाही.

"चारू, वाच. वरून वाच."

काकूंनी चष्मा लावला. "'पूर्व विदर्भातील मामा तलाव आणि पाणीवाटपाच्या परंपरा.'"

"त्याखाली?"

"'संशोधक, कृष्णकांत वामन पाध्ये.'"

"पुन्हा एकदा वाच."

काकूंनी पुन्हा वाचलं, या खेपेला जरा मोठ्यानं. काकांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. पहिल्या अक्षरापाशी ते थांबले.

"हा 'क' ना?"

"'क'च आहे."

"आता पाचवं पान उघड. तिथं तुझ्यासाठी चार ओळी आहेत. तुला न सांगता लिहून घेतल्या साहिलकडून. मोठ्यानं नको वाचूस, मला लाज वाटेल."

काकूंनी पान उलटलं. साहिल खाली बघत होता.

"वाचलंस?"

"वाचलं."

"कसं वाटलं?"

"छान लिहिलंय," काकू म्हणाल्या.

काकांनी चाचपत बायकोचा हात शोधला आणि धरून ठेवला. चाळीस वर्षांच्या संसारात असं त्यांनी कोणादेखत कधी केलं नव्हतं.

चहा झाला. साहिल काकांच्या पाया पडला. प्रत उद्या विद्यापीठात जमा करायची होती, म्हणून ती त्यानं कापडी पिशवीत घातली. काकांनी फोन लावून घेतला आणि धाकट्या भावाला सांगायला लागले, "झालं रे, उन्मेष! सोनेरी अक्षरांत आहे माझं नाव. हात लावून पाहिलं."

काकू साहिलला सोडायला फाटकापर्यंत गेल्या. मागं वळून दार लोटलेलं असल्याची त्यांनी खात्री केली. मग पिशवीतनं प्रत अर्धी वर काढली, पदरानं मुखपृष्ठ पुसलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पीएच.डी. मिळून कायम झाल्याची ऑर्डर हातात पडली की वेदिकेचा मुहूर्त काढू. सोनेरी अक्षरांत तुमचं नाव मात्र शोभून दिसतं हं, जावईबापू."