हिरवा ठिपका

थोरल्या पुष्पांजलीचं लग्न झालं, त्याच साली धाकटी पूनम पोलीस भरतीसाठी पळू लागली. रोज सकाळी कमरेला मोबाईल बांधून उंद्रीहून चिखलीच्या रस्त्यानं निघायची. ती कुठवर पोचली, ते घरच्या मोबाईलवर हिरव्या ठिपक्यानं दिसायचं. ठिपका पुलावरून माघारी वळला की आई मनकर्णाबाई चहा ठेवायची.

त्या मंगळवारी ठिपका पुलावर पोचला म्हणून मनकर्णाबाईनं आधीच आधण ठेवलं, पण तो तिथंच थांबला. वडील पुंजाजी म्हणाले, "दम लागला असंन. फोन लावू का तिले?"

"नका लावू. मधात फोन आला की टाइम बिघडते म्हणते ना ती."

बऱ्याच वेळानं ठिपका हलला. पण माघारी न वळता सरळ चिखलीकडं सुटला, रोजच्यापेक्षा कितीतरी जोरात. पुंजाजींची छाती फुगली.

"पाय वं, आज कशी पयून राह्यली तुही पोर."

"नजर नका लावू," मनकर्णाबाई हसून म्हणाली आणि तिनं चहाचं आधण खाली उतरवलं.

पूनमला पुलावर ट्रकनं उडवलं होतं. लोक तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेत होते. ती वाटेतच वारली, पुष्पांजलीच्या पहिल्या दिवाळसणाच्या आठ दिवस आधी.