डाव्या दाराचा पोचा

भंगारातून उचललेल्या जुन्या मोटारीचा इतिहास खणून काढायचं वेड वकीलसाहेबांच्या डोक्यात शिरलं, तेव्हाच बायकोने हात टेकले होते. मोटारीचे कागद कधीच गहाळ झालेले. तरी दारोदार हिंडून साहेबांनी अखेर पहिल्या मालकाची मुलगी शोधून काढली. आता सगळी भिस्त तिच्या नजरेवर होती.

ऐंशी ओलांडलेल्या आजी काठी टेकत गॅरेजमध्ये आल्या आणि आरशासारख्या लखलखत्या मोटारीभोवती एक फेरी मारून थांबल्या.

"देखणी आहे हो. पण ही आमचीच कशावरून? आमच्या मोटारीच्या डाव्या दाराला पोचा होता. मी सायकल शिकताना धडकवली होती. बाबांनी तो कधी काढू दिला नाही, म्हणायचे, लेकीची सही आहे ती. तेवढा दाखवा, मग कुठेही सांगते, ही आमचीच."

वकीलसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

मागे उभ्या असलेल्या डेंटिंगवाल्याची छाती मात्र फुगली.



"शोधा आजी, खुशाल शोधा. नखाएवढी खूण सापडली तर नाव बदलीन माझं. साहेबांनी तसं बजावलंच होतं."