चौदा नंबरची तक्रार

"चौदा नंबरच्या सीताफळानं तुमच्याविरुद्ध तक्रार दिली आहे," संशोधन केंद्राचे देशमाने साहेब टॅबवरची नजर न काढता म्हणाले. "सकाळी त्याला दोन लिटर पाणी कमी मिळालं."

बागेत छाटणीला येणाऱ्या कौसाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. खोडांना पट्टे बांधले तेव्हापासून झाडांची तहान यंत्राला कळायला लागली होती, आणि तहानलेल्या झाडाचं पाणी अडवणं कायद्यानं गुन्हा ठरलं होतं.

"ठिबकची नळी उपसून म्याच पेले," त्या म्हणाल्या. "गावात आठ दिसांनी नळाला पाणी येतं. अन् सीताफळ कवापासून रडाया लागलं, साहेब? आमच्या डोंगरात खडकातून उगवायचं ते. तांब्याभर पाणी कुणी घातलं नव्हतं त्याला!"

"यंत्राला तहान कळते, बाई. ते चुकत नाही."

"चुकत नाही ना? मग चला."

कौसाबाई तरातरा बागेत गेल्या. चौदा नंबरच्या खोडाचा पट्टा त्यांनी सोडला आणि स्वतःच्या दंडाला करकचून आवळला. मागून धावत आलेल्या साहेबांच्या हातातला टॅब कोकलायला लागला : 'चौदा नंबर. तीव्र तहान. झाड वाळण्याच्या बेतात.'

नळीतून भसाभसा पाणी सुटलं. कौसाबाई ओंजळी भरभरून प्यायला लागल्या. साहेब घाईघाईनं कॉक बंद करायला वाकले.

"हात लावू नका, साहेब. गुन्हा हाय त्यो," कौसाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "म्या आता झाड हाय."