मूळ गावचं पान

"दोन न्यायमूर्ती, एक गायिका आणि पुण्यातला एक चौक, सगळे कुसरवेकर," मी देवळातल्या म्हाताऱ्या गुरवांना ऐटीत सांगितलं. लग्नानंतरही मी हे आडनाव सोडलं नव्हतं. आता आमचा कुलवृत्तांतही मीच छापत होते. फक्त पहिलं पान कोरं होतं. या कुसरवे गावात राहणाऱ्या कुसरवेकरांची नावं तिथे यायची होती.

"हंय कोण कुसरवेकर नाय, बाईनू," गुरव शांतपणे म्हणाले.

पालखी जाते त्या सगळ्या घरांची यादी भिंतीवर होती. गावडे, परब, मेस्त्री, घाडी. आमचं एकही घर नाही. चारशे पानांचं पुस्तक मला एकदम पोकळ वाटलं.

गुरवांनी माझा नारळ देवापुढे ठेवला. "आमी गावातच रवलंव, आमका गावाचा नाव कित्याक होया? जो भायर गेलो, तेका लोकांनी इचारला, तू खंयचो? तो तुमचो पणजो. दरवर्षी देवाक पयला गाऱ्हाणा आमी भायर गेलेल्यांसाठीच घालतंव, तेंचा बरा कर म्हणान."

मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," मी म्हटलं. "हे पान राहिलेल्यांचं आहे."