डोळे आलेत

दुपारच्या पांढुरक्या उजेडात शाल्मलीचे डोळे तळ्यासारखे निवळ दिसत होते. वडील नुकतेच गेले होते, आणि भेटायला आलेल्या बायका कुजबुजत होत्या, "पोरगी रडलीसुद्धा नाही."

तिच्या पिढीच्या डोळ्यांत जन्मतःच एक थेंब घातलेला होता. त्यातलं एक औषध जंतू मारायचं, दुसरं सूज आणि लाली चढूच द्यायचं नाही, आणि दोन्ही जन्मभर मुरून राहायची. जुनी माणसं तोच थेंब रोज घालत.

बायका गेल्यावर आईनं चेहऱ्यावरचा पदर बाजूला केला, तशी शाल्मली दचकली. लाल डोळे तिनं कधी पाहिलेच नव्हते.

"आई, तुझे डोळे आलेत! थेंब घालायचा विसरलीस?"

"आले नाहीत गं, भरून आलेत," आई म्हणाली. मग हळूच विचारलं, "तू नाही रडलीस?"

"सारखी रडतेय. डोळे पुसले की दिसत नाही एवढंच."

आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. खिडकीबाहेर सावरीचा कापूस उन्हात तरंगत होता. जरा वेळानं शाल्मली थेंबाची बाटली आणायला उठली, तेव्हा आईनं तिचा हात धरला.

"राहू दे. दोघींच्या वाटचे माझेच लाल होऊ देत."